सातव्या नंबरचं पिंप

“माझ्या पिंपाला हात लावलास ना कालिंदे, तर हात मोडून ठेवीन.”

बकुळा असं बोलली तेव्हा माझ्या एका हातात हिरव्या रंगाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात ब्रश. शनिवारचे चार वाजले असतील. जानेवारी सरत आला होता, ऊन अजून मऊ होतं, आणि मागच्या वखारीत करवत चालू असल्यानं भुशाची पूड सगळ्या अंगणावर बसत होती. माझ्या केसांवर, तिच्या पदरावर आणि भिंतीलगत मांडलेल्या त्या बारा पिंपांवर.

“अगं, सोमवारी परदेशातनं मानसं यायचीत,” मी म्हटलं. “ही गंजकी पिंपं दाखवायची व्हय त्यांना?”

“दाखव की. कचऱ्याचीच पिंपं हायत. त्यात काय नवरी बसवलीय?”

“मंग अकरा रंगवू आनि एक तसंच ठेवू? कसं दिसंल ते?”

“कसंबी दिसूदे. साताला रंग लावायचा नाय. बोलली ना एकदा?”

“नाय मंजी का नाय?”

“नाय मंजी नाय.”

आणि ती पदर खोचून सातव्या पिंपाला पाठ लावून उभी राहिली. तीस वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. माझगावातली आमची ही चाळ, रे रोड स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. तिची खोली सतरा, माझी अठरा. भांडलो तर संध्याकाळी वाटीभर कालवण इकडून तिकडे गेलं की मिटायचं. त्यामुळे मी तेव्हा गप्प बसले. गप्प बसले म्हणजे ऐकलं असं नाही. चाळ कमिटीत मी एकटी बाई, आणि पाहुणे यायचे म्हटल्यावर माझ्या अंगात येतं, हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे. बकुळा त्याच संध्याकाळी पनवेलला भाचीच्या बारशाला निघाली. सोमवारी सकाळी परत यायची होती. जिन्यावरून उतरतानाही तिनं वळून मला बोट दाखवलं. मी मान डोलावली.

आता तुम्हाला खरं काय ते आधीच सांगून टाकते. गोष्ट लपवून ठेवून मग भसकन काढायची मला हौस नाही. त्या सातव्या पिंपात राकेश होता. राकेश म्हणजे बकुळाचा एकुलता एक मुलगा. त्याच्या अस्थी त्या पिंपात होत्या. मला हे त्या शनिवारी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तो ब्रश मी माझ्याच तोंडाला फासला असता.

राकेश कसा होता ते सांगते. बाप, बुधाजी, गोदीत होता, तो पोरगा शाळेत असतानाच गेला. बकुळा भायखळ्याच्या भाजीबाजारात पहाटेपासून कोथिंबिरीच्या जुड्या बांधते, त्यावर हा शिकला. उंच, बारीक, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. सहा वर्षांपूर्वी विक्रांतसरांची संस्था आमच्या चाळीत आली. विक्रांतसर गिरगावातले, जुन्या घरातले, पण माणूस साधा. त्यांच्या संस्थेचा तिकडच्या दोन-तीन देशांतल्या संस्थांशी करार. तिकडची माणसं दर जानेवारीत स्वखुशीनं यायची, पंधरा दिवस राबायची, शिकायची, शिकवायची. आणि इथलं एक माणूस सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवायचं, असंही करारात होतं, तेच करायला. पृथ्वी टिकवायची म्हणजे दोन्हीकडच्यांनी हात लावायला हवा, असं सर सांगायचे, आणि राकेश मान डोलवायचा.

पहिल्याच वर्षी त्या मंडळींनी आमच्या अंगणात ओल्या कचऱ्याचं खत करायचं काढलं. मंडळी पंधरा दिवसांनी गेली. राकेश मागे राहिला तो राहिलाच. गोदीतून भंगारात गेलेली तेलाची पिंपं त्यानं आणली, त्यांना भोकं पाडली, पांढऱ्या रंगानं एक ते बारा आकडे घातले, आणि प्रत्येक पिंप भरलं की खाली तारीख लिहायचा. वखारीतला भुसा एक थर, भाजीचा कचरा एक थर. बकुळा बाजारातून येताना रोज कोथिंबिरीच्या देठांची गोणी डोक्यावर आणायची. आम्ही आधी नाकं मुरडली. मी तर सगळ्यात जास्त. पण सहा महिन्यांनी त्यानं माझ्या ओंजळीत ती माती ठेवली. काळी, भुसभुशीत, कसला वास म्हणून नाही. मला गावाकडची पहिल्या नांगरटीची माती आठवली आणि उगीचच डोळे भरले.

त्याला अन्न टाकलेलं खपायचं नाही. कुणाच्या ताटात घास उरला की ओरडायचा, “टाकू नको!” लग्नाच्या पंगतीतसुद्धा. पोरं त्याला ‘टाकूनको’ म्हणूनच हाक मारायची.

तीन वर्षांपूर्वी त्याची तिकडे जायला निवड झाली. देशाचं नाव मला धड घेता येत नाही, म्हणून सांगत नाही. थंड मुलूख, एवढं खरं. तिकडच्या संस्थेत हेलगा नावाची एक बाई, साठीची, शाळेतून निवृत्त झालेली. ती पहिल्या शिबिराला आली होती. तिनंच राकेशसाठी खटपट केली. दोघं फोनवर तासतासभर बोलायची, ती तिच्या बागेतली माती दाखवायची आणि हा आपली पिंपं. बकुळानं लोकरीचा जाड कोट घेऊन ठेवला. राकेशनं तो भर मे महिन्यात घालून आम्हाला दाखवला होता, घामानं निथळत होता आणि हसत होता.

व्हिसा मिळाला नाही. कागदावर लिहिलं होतं की हा माणूस काम संपल्यावर परत जाईल अशी खात्री वाटत नाही. सहा वर्षांत तिकडून पन्नासएक माणसं आली असतील, आमच्या हातची पोहे-भाकरी खाऊन गेली. इकडून जायचा एकच होता, आणि त्याची खात्री वाटत नव्हती. जो पोरगा भायखळ्याला मामाकडे राहिला तरी रात्रीचा पळून यायचा, त्याची! विक्रांतसरांनी दोनदा अर्ज केला. हेलगाबाईनं पत्रं लिहिली. काही झालं नाही. राकेश आईला म्हणाला, “जाऊदे आये, माती काय, इथलीबी तीच आनि तिथलीबी तीच.” पण महिनाभर त्याचं बोलणं कमी झालं होतं.

त्याच्या पुढच्या ऑगस्टात गटार तुंबून अंगणात गुडघाभर पाणी चढलं. पिंपं वाहून जाऊ नयेत म्हणून हा दिवसभर त्या पाण्यात उभा. आठवड्यानं ताप आला. लेप्टो, डॉक्टर म्हणाले, तुंबलेल्या घाण पाण्यातून होतो तो. आठ दिवसांत सगळं आटोपलं. एकोणतीस वर्षांचा होता.

आमच्यात पूर्वी अस्थी समुद्रात सोडायचे. हल्ली पुष्कळजण गावाला नेतात आणि रोपाच्या खड्ड्यात घालतात. राकेशही तेच म्हणायचा, पाणी कशाला घाण करायचं. पण बकुळाला गावाला वीतभर जमीन नाही. तिनं सगळ्यांना सांगितलं की दादरला जाऊन सोडल्या. आणि सोडल्या कुठे, तर सातव्या पिंपात. त्यानं शेवटचं भरलेलं पिंप ते, त्याच्या हातची तारीख असलेलं. वर कढीपत्त्याचं रोप लावलं. ते मेच्या उन्हात वाळून गेलं, तरी ती त्या काटकीला रोज तांब्याभर पाणी घालायची. त्या पिंपातली माती कुणी मागितली की म्हणायची, “कच्ची हाय अजून.” दीड वर्ष ती माती कच्चीच होती. सांगितलं असतं तर चाळीनं गहजब केला असता, भाजीच्या मातीत अस्थी म्हणून. म्हणून सांगितलं नाही. मलाही नाही, आणि मला वाटत होतं की तिच्या पोटातलं सगळं मला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी मी विकासला बोलावलं. विकास राकेशचा जिवलग, लेथवर कामाला आहे, रंगकाम चांगलं करतो.

“साताचं पन रंगवायचं काय मावशी?” त्यानं विचारलं. “बकुळामावशी बोंब मारतील.”

“रंगव. रंगवल्यावर बघितलं की तिलाबी आवडंल.”

“आनि हे राकेशनं लिवलेलं? नंबर, तारखा?”

मी त्या पांढऱ्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “वरनं परत घालू नंबर, नवे. चांगले स्टेन्सिलनं.”

सहाजणांनी मिळून पिंपं भिंतीपासून ओढली, मागूनपुढून रंगवली. पाहुण्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून भिंतीलगतची एक रांग मोडून दोन रांगा लावल्या. एका पिंपात वाळकी काटकी होती, ती विकासनं उपटून टाकली. संध्याकाळी बारा पिंपं अशी चकचकीत दिसत होती की मी खुर्ची टाकून समोर बसले. नवे नंबर घालायचे राहूनच गेले, सगळी एकसारखी. मला फार अभिमान वाटला.

सोमवारी आठ वाजता मंडळी आली. तीन देशांची नऊ माणसं. हेलगाबाई सगळ्यांत पुढे, केस पिकलेले, पायात गमबूट. तिनं हात जोडून “जय भीम” म्हटलं, राकेशनं शिकवलेलं. पोहे खाल्ले, बशी बोटानं पुसली आणि मोठ्यानं म्हणाली, “टाकू नको!” सगळी चाळ हसली. मीही हसले आणि आत जाऊन डोळे पुसले.

मग विक्रांतसरांनी काम समजावून सांगितलं. अंगणात विटांचे सहा लांब वाफे करायचे. बाराही पिंपं रिकामी करायची, सगळं खत एकत्र कालवायचं, म्हणजे प्रत्येक वाफ्याला सारखी माती मिळेल. उरलेलं गोण्यांत भरून आणखी चार चाळींना द्यायचं, भायखळ्याला, लालबागला, परळला, दादरला. तिथेही असेच वाफे व्हायचे.

“कालिंदीताई, यातलं एखादं पिंप कच्चं आहे का?” सरांनी विचारलं. “राकेशच्या वहीत तारखा आहेत, पण पिंपांवरचे आकडे दिसत नाहीत आता.”

मला बकुळाचं ‘कच्ची हाय’ आठवलं. पण नऊ परदेशी माणसांसमोर आमचं खत कच्चं म्हणायला माझी जीभ वळली नाही.

“सगळं पक्कं हाय सर,” मी म्हणाले. “बिनधास्त वता.”

त्यांनी ओतलं. अंगणात निळी ताडपत्री पसरली होती, तिच्यावर एकेक पिंप आडवं होत गेलं. नऊ परदेशी, वीसएक आम्ही, फावडी घेऊन त्या ढिगाभोवती. खालची माती वर, वरची खाली. हेलगाबाई घामाघूम, पण थांबायला तयार नाही.

अकरा वाजता बकुळा आली. हातात बारशाच्या लाडवांची पिशवी. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिली. आधी ढिगाकडे बघितलं, मग पिंपांकडे. बाराही आडवी पडली होती, हिरवीगार, रिकामी.

“विकास,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “माझं पीप कंचं रे?”

“कंचं काय मावशी, सगळी सेमच हायत आता.”

“त्यात काटकी व्हती.”

“ती? ती काल टाकली ना. वाळलेली व्हती.”

“त्यातली माती कुटं गेली?”

विकास हसला आणि हातातलं फावडं सबंध ढिगावरून फिरवलं. “ही काय. मिक्स केली सगळी. एकदम बराबर.”

मला वाटलं आता ही माझ्या अंगावर येणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती माझ्याकडे आलीच नाही. लाडवांची पिशवी तिनं पायरीवर ठेवली, भिंतीला टांगलेली खताची चाळण काढली, ताडपत्रीच्या कडेला बसली, आणि ढिगातली ओंजळभर माती चाळणीत घेऊन चाळू लागली. एक ओंजळ झाली की दुसरी.

लोकांना वाटलं, काय हौस आहे म्हातारीला! पनवेलहून आली ती हातपाय न धुता कामाला लागली. हेलगाबाईला तर भरूनच आलं. ती फावडं टाकून बकुळासमोर मांडी घालून बसली, दुसरी चाळण घेतली आणि तीही चाळू लागली. एक इकडची आई, एक तिकडची बाई, मध्ये मातीचा ढीग. संस्थेचा फोटोवाला धावत आला. “मावशी, जरा वर बघा,” म्हणाला. बकुळानं वर बघितलं नाही. त्यानं तसाच फोटो काढला.

तो फोटो तुम्ही बघितलाही असेल. तिकडच्या संस्थेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे, आमच्या फाटकावर बोर्ड करूनही लावला आहे. खाली लिहिलंय, ‘हात अनेक, माती एक.’ फोटोत बकुळा आपल्या पोराची हाडं शोधते आहे.

मला कळलं ते असं. अर्ध्या तासानं मी तिच्याजवळ चहा घेऊन गेले. ती चाळणीत उरलेलं वेचून पदरात टाकत होती. बारीक बारीक पांढरे तुकडे.

“अगं, काय गोळा करतेस?” मी म्हटलं. “अंड्याची टरफलं हायत ती.”

तिनं एक तुकडा बोटावर घेऊन माझ्यापुढे धरला.

“बघ की गं जरा. तुझं डोळं बरं हायत. हे टरफल हाय का… का दुसरं हाय?”

“दुसरं काय असनार?”

“दादरला नव्हत्या सोडल्या मी,” ती म्हणाली.

चहाचा कप माझ्या हातून ताडपत्रीवर सांडला. मी तिच्या शेजारी बसले. पदरातले तुकडे मी एकेक करून बघितले. टरफल पातळ असतं, वाकडं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण दीड वर्ष मातीत राहिल्यावर सगळं सारखंच दिसतं. एक-दोन जाड तुकडे होते. ते तेच असतील, किंवा कुणी मटणाचं हाडूक टाकलं असेल. मी सांगू शकले नाही. ज्या पोराला मी न्हाऊ घातलं होतं, त्याला मला ओळखता येईना.

“मी सांगते त्यांना,” मी उठायला लागले. “थांबवते सगळं. बकुळे, मला मार, माझ्या तोंडात शेन घाल, पन मी आता…”

तिनं माझं मनगट धरलं.

“खाली बस. काय सांगनार? सात समुद्र वलांडून आलेली मानसं ती. त्या बाईनं सोताच्या हातानं कालवलंय. तिला कळलं तर ती परत कुनाच्या मातीत हात घालंल का?”

“आनि तुझं काय?”

“माझं काय, माझं कालवून झालं,” ती म्हणाली. “कुनाला बोलायचं नाय. तुला राकेशची शपथ.”

मी तेव्हा रडले. मोठ्यानं रडले. हेलगाबाईला वाटलं, मला राकेशची आठवण आली. ती उठून माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, आणि तिचेही डोळे वाहत होते. बकुळा मात्र चाळतच होती.

चार वाजता टेम्पो आला. वाफे भरून झाले होते, उरलेली माती गोण्यांत गेली. एकेक गोणी टेम्पोत चढत होती आणि बकुळा फाटकाशी उभी राहून प्रत्येक गोणीला हात लावत होती. टेम्पोवाला म्हणाला, “मावशी, बाजूला व्हा, कपडे खराब होतील.” ती बाजूला झाली. टेम्पो वळला आणि भायखळ्याच्या दिशेनं गेला.

पंधरा दिवस मंडळी राहिली. वाफ्यांत लाल माठ पेरला, कडेनं मेथी. बकुळा रोज सहाही वाफ्यांना पाणी घालायची, कुणाला झारीला हात लावू द्यायची नाही. शेवटच्या दिवशी निरोपाला हेलगाबाई काचेची एक बरणी घेऊन तिच्या खोलीत आली. मी तिथेच होते. विक्रांतसर सोबत होते, त्यांनी समजावलं.

“मावशी, हेलगा म्हणते, राकेशला तिच्या बागेत यायचं होतं. ते झालं नाही. त्यानं सुरू केलेल्या या मातीतली मूठभर ती घेऊन जाणार आहे. तिच्या सफरचंदाच्या झाडाखाली घालेल. तुमची परवानगी असेल तर.”

मी बकुळाकडे बघितलं. ती उठली, बरणी घेतली आणि अंगणात गेली. पहिल्या वाफ्यातून चिमूटभर, दुसऱ्यातून चिमूटभर, अशी सहाही वाफ्यांतली माती तिनं बरणीत घातली. परत आल्यावर कपाटातून एक कागदाची पुडी काढली. तिच्यात ते तुकडे होते, त्या दिवशी पदरात जमवलेले. एकही न ठेवता सगळे बरणीत टाकले, वरून मातीनं झाकले आणि झाकण घट्ट लावलं.

“बकुळे, एखादा तरी ठेव,” मी हळूच म्हणाले.

“नको. जाऊदे त्याला,” ती म्हणाली. “लई मन व्हतं त्याचं.”

दाराच्या मागे खिळ्याला तो लोकरीचा कोट अजून टांगलेला आहे. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मग हेलगाबाईच्या हातात बरणी दिली. हेलगाबाईनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्या रात्री बकुळा शांत झोपली, असं तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

चार दिवसांनी विक्रांतसर आले. हातात मोबाइल. म्हणाले, हेलगाचा निरोप आहे, तिनं वाचून दाखवायला सांगितलाय. दुसऱ्या देशाची माती आत न्यायला तिकडे बंदी आहे, किडे, रोग येतात म्हणून. तिला हे ठाऊक असायला हवं होतं, पण भावनेच्या भरात सुचलं नाही. विमानतळावर बॅग उघडली. तिनं खूप विनवण्या केल्या, माझ्या मित्राची माती आहे म्हणाली. नियम तो नियम. तिच्यासमोर बरणी उघडून कचऱ्याच्या पेटीत रिकामी केली. ती फार रडली आणि बकुळाची माफी मागते आहे.

सर वाचत होते आणि बकुळा ऐकत होती. मला तर ओरडावंसं वाटत होतं. सरांना, त्या हेलगाला, त्या पेटीवाल्याला, सगळ्या जगाला. पण शपथ होती.

“मंजी यावेळीबी नाय घेतला,” बकुळा म्हणाली.

“काय मावशी?”

“काय नाय सर. त्यांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका म्हनावं. च्या घेता ना?”

तिनं चहा केला. सर गेल्यावर ती दाराकडे गेली, खिळ्यावरचा कोट काढला, त्यात तोंड खुपसलं आणि खाली बसली. मी दार लावून घेतलं आणि बाहेर जिन्यावर बसून राहिले, कुणी आत जाऊ नये म्हणून. आतून आवाज येत होता. तो आवाज मला आता मरेपर्यंत ऐकू येणार आहे.

मार्च लागला. ऊन तापलं, पत्रे वाजायला लागले, आणि वाफे लालबुंद झाले. असा माठ मी जन्मात बघितला नव्हता, हाताएवढी पानं. कमिटीनं भाजी काढली, खोलीमागे एक जुडी दिली. माझी जुडी मी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. शिजवायची हिंमत होईना. शेवटी उचलली आणि पुन्हा पिंपात टाकायला निघाले. दारात बकुळा उभी.

“कुटं नेतेस?”

मी जुडी पदराआड केली. तिला कळलं.

“टाकू नको,” ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातून जुडी घेतली, माझ्याच ओट्यावर बसून निवडली, देठंसुद्धा सोलून घेतली. लसूण ठेचून फोडणी दिली. दोन ताटं वाढली. तिनं पहिला घास घेतला आणि चावत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचीही तिनं तसदी घेतली नाही. “खा,” मला म्हणाली. मी खाल्लं. भाकरीच्या तुकड्यानं तिनं ताट पुसलं, स्वच्छ, अगदी तो पुसायचा तसं.

मग म्हणाली, “बाकीच्या चाळींतबी निघाली असंल गं भाजी. कुनी टाकलीबिकली तर?”

त्याच रविवारी आम्ही दोघी निघालो. आधी भायखळा, मग परळ, मग दादर, शेवटी लालबाग. दर चाळीत ती वाफ्यापाशी जायची, वाकून मातीला हात लावायची, थोडा वेळ तसाच ठेवायची. मग भोवती जमलेल्या बायांना सांगायची, “देठंबी टाकू नका हां. चांगली सोलून घ्यायची, कोवळी हायत.” बाया हसायच्या. भाजीचं वेड लागलंय म्हातारीला, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. मी मागे उभी राहायचे आणि माझी शपथ गिळायचे.

लालबागला प्राची नावाची एक तरणी बाई होती, कडेवर वर्षाचं पोर. तिनं बकुळाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“मावशी, काय सांगू तुम्हाला, हा भात तोंडात घ्यायचा नाय, पन तुमचा माठ कालवून दिला की गपागप खातो बघा,” ती म्हणाली. “लई चांगली माती हाय तुमची. अजून दोन गोनी पाठवा ना पुढच्या येळेला.”

बकुळानं त्या पोराच्या गालाला हात लावला. पोर हसलं.

“आता नाय गं बाय,” ती म्हणाली. “व्हती तेवढी दिली.”